पलंग आणि गादी घेण्यापूर्वी काय काय पाहावे?

मुठाकाठ

आमच्या कोथरूडमधील इमारतीचा पुनर्विकास संपत आला असून दिवाळीच्या आसपास नव्या सदनिकेचा ताबा मिळेल, असे विकासकाने कळवले आहे. जुन्या घरात लोखंडी कॉट आणि कापसाच्या गाद्या होत्या, त्यामुळे पलंग आणि गादी ही खरेदी आमच्या घरात प्रथमच होणार आहे आणि दुकानांत फिरू लागल्यापासून मनातील गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला आहे.

शयनगृहे दोन आहेत. एक आई-वडिलांसाठी असून तिचे माप नकाशाप्रमाणे १० फूट बाय ११ फूट आहे. दोघेही पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. आईचे गुडघे दुखतात आणि वडिलांना रात्री दोन-तीन वेळा उठावे लागते. दुसरी खोली आमची. माझी उंची ६ फूट आणि वजन ८८ किलो आहे, पत्नीचे वजन ५४ किलो आहे आणि तिची झोप अतिशय सावध आहे. दोन्ही खोल्यांचे पलंग आणि गाद्या मिळून साधारण एक लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

पलंग सुताराकडून करून घ्यावा की तयार आणावा, खाली सामानाची पेटी असावी की नसावी, आणि गादी काथ्याची, फोमची, लेटेक्सची (म्हणजे रबराच्या चिकाची) की स्प्रिंगची घ्यावी, हे माझे मुख्य प्रश्न आहेत. प्रत्येक विक्रेता आपल्याकडील गादीला 'ऑर्थो' म्हणतो आणि प्रत्येकाच्या मते पाठीसाठी तीच सर्वोत्तम असते. वडिलांचे मत मात्र कापसाच्या गादीखेरीज दुसऱ्या कशावर झोप लागत नाही असे आहे, आणि ते मत बदलण्याचा माझा विचार नाही. त्यांना सोयीचे काय होईल, एवढेच पाहायचे आहे.

सुतारपक्षी

माझे काम अंतर्गत सजावटीचे असल्यामुळे गादीविषयी इतर सदस्य अधिक अधिकाराने लिहितील. मी पलंगापुरते आणि खोलीपुरते लिहितो.

नकाशातील मापावर कोणताही निर्णय घेऊ नका. गिलावा आणि भिंतीच्या पायथ्याची पट्टी यांत प्रत्येक बाजूने थोडी जागा जाते आणि १० फुटांची खोली हातात येते तेव्हा अनेकदा ९ फूट १० इंच भरते. हे दोन इंच एरवी जाणवत नाहीत, परंतु कपाटाचे दार पलंगाला अडते तेव्हा ते नेमके जाणवतात.

आता तुमच्या आई-वडिलांच्या खोलीचा हिशेब पाहू. आपल्याकडे किंग म्हणून विकली जाणारी गादी ७८ बाय ७२ इंचांची आणि क्वीन ७८ बाय ६० इंचांची असते. ७२ आणि ७५ इंच लांबीच्याही मिळतात. किंग गादीचा पलंग बाहेरून सुमारे साडेसहा फूट रुंद आणि डोक्याकडची फळी धरून ७ फूट लांब होतो. तो १० फुटी भिंतीच्या मध्यावर ठेवला तर दोन्ही बाजूंना जेमतेम पावणेदोन फूट उरतात. समोरच्या बाजूला ११ मधून ७ वजा जाता ४ फूट राहतात आणि तेथे २ फूट खोल कपाट आले की चालायला २ फूट राहतात, ज्यात दीड फुटाचे दार उघडून माणूस नीट उभा राहू शकत नाही. वयस्कर माणसांना अर्धवट झोपेत या चिंचोळ्या पट्ट्यांतून जायला लावू नये.

म्हणून मी तेथे दोन स्वतंत्र एकेरी पलंग सुचवतो. ७८ बाय ३६ इंचांचे दोन पलंग समोरासमोरच्या भिंतींना लावले तर मध्ये सुमारे तीन ते सव्वातीन फुटांची मोकळी वाट मिळते, दोघांनाही एकमेकांना ओलांडावे लागत नाही आणि दोघांच्या गाद्या वेगवेगळ्या ठेवता येतात. वडिलांचा कापसाचा आग्रह येथे परस्पर मार्गी लागतो. यांपैकी एखादी भिंत बाहेरची असेल तर पलंग तिला चिकटवू नका, तीन-चार बोटे अंतर ठेवा. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या भिंती ओल धरतात आणि त्या बाजूची चादर सतत दमट लागते. कपाटाला सरकती दारे केली तर पायथ्याकडची जागाही पुरेशी होते.

सामानाच्या पेटीबद्दल माझे मत बहुसंख्य ग्राहकांना आवडत नाही, तरीही लिहितो. गणपतीचे मखर, पाहुण्यांच्या गाद्या आणि थंडीच्या रजया ठेवायला घरात दुसरी जागा नसेल तर पेटी अवश्य करा, पण ती तुमच्या खोलीत करा. गॅसच्या दांड्यांवर उघडणारा, ज्याला सर्वजण हायड्रॉलिक म्हणतात, तो पलंग गादीसकट उचलायला प्रारंभी बराच जोर लागतो, आणि त्या दांड्या गादीच्या वजनाला जुळणाऱ्या नसतील तर एक तर झाकण उचलत नाही किंवा खाली नीट बसत नाही. त्यामुळे गादी ठरल्यावर तिचे वजन सांगूनच दांड्या बसवून घ्याव्यात. पेटीच्या वरच्या प्लायला हवेसाठी भोके पाडून घेणे हे पाच मिनिटांचे काम आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

लाकडाबद्दल थोडक्यात लिहितो. प्लायवर भारतीय मानक क्रमांक छापलेला असतो. आयएस ३०३ मध्ये दोन प्रती येतात, एमआर आणि बीडब्ल्यूआर. एमआर म्हणजे केवळ दमटपणा सोसणारी, तर बीडब्ल्यूआर त्याहून बरीच टिकाऊ. आयएस ७१० हे मरीन प्लाय असून कोरड्या शयनगृहातील पलंगासाठी त्यावर खर्च करण्याचे कारण नाही, बीडब्ल्यूआर पुरते. पार्टिकल बोर्डाचा, म्हणजे लाकडाचा भुसा चिकटवून केलेल्या फळ्यांचा, पलंग एकदा जोडून पुन्हा कधीच हलवायचा नसेल तरच घ्यावा, कारण तो उकलून दुसऱ्यांदा जोडताना स्क्रू पूर्वीसारखे पकडत नाहीत आणि रोज फरशी पुसताना खालच्या कडा पाणी पिऊन फुगतात. सागवानाची हौस असल्यास भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये सुताराला बरोबर घेऊन जा आणि लाकूड पुरेसे वाळलेले आहे की नाही, हे त्याच्याकडून तपासून घ्या; ओल्या सागाचा पलंग पुढच्या उन्हाळ्यात सांधे सोडतो आणि कुरकुरू लागतो.

कणा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सुतारपक्षी यांनी सुचवलेली दोन पलंगांची मांडणी मला पूर्णपणे पटली. मी उंचीबद्दल आणि कडकपणाबद्दल लिहिते.

गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी गादीच्या प्रकारापेक्षा पलंगाची उंची अधिक महत्त्वाची असते, आणि दुकानात ती विचारणारे फार थोडे असतात. आईंना कडक बसणीच्या खुर्चीवर बसवा, तळपाय जमिनीवर सपाट टेकू द्या आणि गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. गादीच्या कडेवर बसल्यावर, म्हणजे गादी दबल्यानंतर, उरलेली उंची या मापाएवढी किंवा त्याहून एक-दोन इंच अधिक असावी. उंची कमी असेल तर उठताना गुडघ्यांवर अधिक भार येतो. फार जास्त असेल तर पाय अधांतरी राहतात आणि वडिलांसारख्या रात्री उठणाऱ्या माणसाला उतरताना तोल सावरावा लागतो. हल्ली १० इंचांची गादी १४ इंचांच्या पेटीवर ठेवतात. ते दिसायला भारदस्त असते, पण लहान चणीच्या आजींना त्यावर अक्षरशः चढावे लागते.

दुसरी बाब पेटीशी संबंधित आहे. बसलेल्या माणसाला उठताना तळपाय गुडघ्यांच्या मागे, म्हणजे पलंगाच्या खाली किंचित सरकवावे लागतात. हे तुम्ही स्वतः आत्ता करून पाहू शकता. जमिनीपर्यंत बंद असलेल्या पेटीच्या पलंगात टाचा लाकडावर अडतात आणि माणूस हातांनी रेटा देऊन किंवा झोका घेऊन उठतो. त्यामुळे आई-वडिलांच्या खोलीत पायांचा, खाली मोकळा पलंगच घ्या. पेटी अपरिहार्य असेल तर तिचा खालचा भाग तीन-चार इंच आत घ्यायला सांगा.

आता कडकपणाविषयी. पाठ दुखते म्हणून फळीसारख्या कडक गादीवर झोपावे, ही समजूत आपल्याकडे घराघरांत आहे आणि पूर्वी डॉक्टरही तसा सल्ला देत असत. २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कंबरदुखीच्या जुन्या, पण विशिष्ट कारण न सापडलेल्या ३१३ रुग्णांना कडक किंवा मध्यम कडक गादी देण्यात आली होती आणि कोणाला कोणती मिळाली हे त्यांना सांगितलेले नव्हते. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांच्या वेदना आणि हालचालींतील अडचण तुलनेने अधिक कमी झालेली आढळली. यावरून अमुक फोम चांगला आणि तमुक काथ्या वाईट, असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण तुलना कडकपणाची होती, साहित्याची नव्हती. 'ऑर्थो' हे मात्र निव्वळ विक्रीचे नाव समजा, तो वैद्यकीय निकष नव्हे.

मध्यम कडक म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या शरीरावर ठरते. ८८ किलोच्या माणसाला जी गादी मध्यम लागते, तीच ५४ किलोच्या माणसाला कडक लागणार. दुकानात गादीच्या कडेवर बसून तळहाताने दाबून पाहण्याचा काही उपयोग नाही. पादत्राणे काढून, ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर, शक्य तर घरची उशी नेऊन, दहा-पंधरा मिनिटे पडून राहा. विक्रेत्याला संकोच वाटत असेल तर वाटू द्या. उताणे झोपल्यावर कंबरेखाली हात सहज आरपार जात असेल तर गादी तुमच्यासाठी कडक आहे, आणि कुशीवर वळताना खड्ड्यातून बाहेर यावे लागत असेल तर ती मऊ आहे. वयस्कर माणसांसाठी हे वळणे फार महत्त्वाचे असते, म्हणून जाड मेमरी फोमची, म्हणजे अंगाच्या आकाराप्रमाणे दबून हळूहळू पूर्ववत होणाऱ्या फोमची, गादी मी त्यांना सहसा सुचवत नाही.

सदाशिवपेठी

इतके विवेचन वाचून आमच्या वाड्यातील मंडळी आयुष्यभर सतरंजीवर आणि नवारीच्या खाटेवर कशी झोपली असतील, याचे आश्चर्य वाटू लागले आहे. माझे वय ६८ असून मी आजही जमिनीवर एका गादीवर झोपतो आणि पाठीची कोणतीही तक्रार नाही. पलंग ही मूलतः खोली अडवण्याची वस्तू आहे, आणि पुण्यातील सदनिकांचे दर पाहता तिने व्यापलेल्या ४५ चौरस फुटांची किंमत पलंगाच्या किमतीत मिळवली पाहिजे. एक लाख रुपये खर्च करण्यापूर्वी एवढा हिशेब अवश्य करावा.

कणा

@सदाशिवपेठी, ज्यांना जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठता येते त्यांनी जमिनीवर झोपण्याला माझा आक्षेप नाही, उलट ती क्षमता टिकवावी असेच मी सांगते. प्रश्न मुठाकाठ यांच्या आईंचा आहे. आणि नवारीची खाट सैल पडल्यावर कंबर कुठे जाते, हेही आपल्याला ठाऊक असेल.

सदाशिवपेठी

नवार दर वर्षी ताणून घ्यायची असते. परंतु गुडघ्यांचा मुद्दा मान्य.

पिंजण

आमच्या घरी दोन पिढ्या गादीचा व्यवसाय होता, त्यामुळे कापसाच्या गादीची बाजू कोणीतरी नीट मांडावी असे वाटले.

कापसाची गादी वाईट ठरते ती दोन कारणांनी: भरताना टाकलेला माल आणि नंतर घेतलेली निगा. गादीसाठी आखूड, जाड धाग्याचा कापूस चांगला, कारण तो लवकर चपटा होत नाही. लांब धाग्याचा मऊ कापूस कापडाला चांगला, गादीला नव्हे. अनेक ठिकाणी जुन्या चिंध्या पिंजून केलेला कापूस मिसळतात. तो मळकट रंगाचा असतो, हातात घेऊन ओढल्यास रंगीत तंतू दिसतात आणि झटकल्यावर धूळ उडते. म्हणून गादी समोर बसून भरून घ्यावी आणि कापूस वजनावर घ्यावा. ३ बाय ६ फुटांच्या गादीला साधारण दहा-बारा किलो कापूस लागतो. त्याहून फार कमी भरला तर टाके घातल्यावर ती लवकरच पातळ वाटू लागते.

कापूस दबतो, हे खरेच आहे. तथापि दोन-तीन वर्षांनी तोच कापूस पुन्हा पिंजून नव्या खोळीत भरता येतो, जे फोमच्या बाबतीत शक्य नाही. उन्हात घालण्याचा नियमही येथे उलटा आहे. कापसाच्या गादीला महिन्यातून एकदा कडक ऊन द्यावे, तर लेटेक्स आणि फोम कडक उन्हात ठेवू नयेत, कारण उन्हाने ते पिवळे पडतात आणि भुरभुरीत होतात. खरी अडचण पावसाळ्याची आहे. जून ते सप्टेंबर ऊन मिळत नाही, कापूस ओलावा धरतो आणि बंद प्लायवर ठेवलेल्या गादीला खालून बुरशीचा वास येतो. म्हणून कापसाची गादी ठेवायची असेल तर पलंगावर अखंड प्लाय न लावता मध्ये दोन-अडीच इंच अंतर सोडून फळ्या लावाव्यात.

मुठाकाठ यांच्या वडिलांसाठी माझी सूचना अशी आहे की खाली चार इंचांची काथ्याची गादी आणि तिच्यावर चार-पाच किलो कापसाची पातळ गादी घालावी. अंगाला कापूस लागतो, आधार काथ्याचा मिळतो आणि वरची गादी हलकी असल्यामुळे गॅलरीत उन्हात टाकायला मजबूत माणूस लागत नाही. पुण्यातील अनेक घरांत ही पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे.

अधिक_उणे

पिंजण यांचा प्रतिसाद उत्तम आहे. मी अभियंता असल्यामुळे विक्रेत्यांच्या आकड्यांकडे वळतो.

फोमच्या गादीवर ३२, ४० किंवा ५० 'डेन्सिटी' असे लिहिलेले असते. एक घनमीटर फोमचे वजन किती किलो, एवढाच त्याचा अर्थ आहे. विक्रेते डेन्सिटी अधिक म्हणजे गादी कडक असे सांगतात, ते चूक आहे. घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या बाबी असून ४० घनतेचा फोम मऊही बनवता येतो आणि कडकही. घनतेवरून कळतो तो टिकाऊपणा: त्याच प्रकारच्या दोन फोमपैकी अधिक घनतेचा फोम सहसा उशिरा दबतो. रिबॉन्डेड फोमला मात्र हा नियम जसाच्या तसा लावू नका. तो फोमच्या तुकड्यांचा भुगा चिकटवून केलेला असतो, त्याची घनता बरीच अधिक असते आणि तो मुळातच कडक असतो.

सुदैवाने हा आकडा घरबसल्या तपासता येतो, कारण गादीचे आकारमान आपल्याला मोजता येते. ७८ बाय ६० बाय ६ इंचांच्या गादीचे आकारमान सुमारे ०.४६ घनमीटर भरते. ती अखंड ४० घनतेच्या फोमची असेल तर वजन साधारण १८ किलो, आणि ३२ घनतेची असेल तर १५ किलोच्या आत असायला हवे. प्रवासी बॅगा टांगून वजन करण्याचा काटा किंवा साधा वजनकाटा यासाठी पुरतो. थरांच्या गादीत प्रत्येक थराची जाडी आणि घनता विचारून बेरीज करावी. मी एका दुकानात हा हिशेब मांडला, तेव्हा विक्रेत्याने प्रथम काटा नसल्याचे आणि नंतर कंपनी तसे करू देत नसल्याचे सांगितले. मी तेथून निघालो.

साहित्याबद्दल माझी मते अशी आहेत. काथ्याच्या गादीत नारळाच्या तंतूंवर रबराचा चीक फवारून ते एकत्र बांधलेले असतात. ती हवेशीर आणि कडक असते, परंतु काही वर्षांनी झोपण्याच्या जागी बसते, म्हणून पहिल्या वर्षी तरी दर दोन-तीन महिन्यांनी तिची बाजू आणि दिशा बदलावी. मेमरी फोमचा उगम १९६६ मधील अमेरिकेच्या नासा संस्थेच्या संशोधनात आहे, हे प्रत्येक जाहिरात सांगते. तो तापमानानुसार बदलतो, हे मात्र सांगत नाही. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो तेव्हा तो अंग टेकल्यावर काही वेळ कडक वाटतो, आणि एप्रिलमध्ये मऊ पडून अंगाभोवती उष्णता धरून ठेवतो. मला उकाडा सोसत नसल्यामुळे मी या फोमच्या बाजूने लिहिणे शक्य नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

लेटेक्स मला सर्वांत आवडले, पण तेथे दोन प्रश्न विचारा. पहिला, रबर नैसर्गिक किती आणि कृत्रिम किती. दुसरा, वजन किती. ७८ बाय ७२ बाय ८ इंचांची अखंड लेटेक्सची गादी ५५ ते ६० किलोंच्या घरात जाते. ती फिरवायला दोन धडधाकट माणसे लागतात आणि हायड्रॉलिक झाकणावर तिचा भार किती पडेल, हे सुतारपक्षी सांगतीलच.

तुमच्या दोघांच्या खोलीसाठी निर्णायक गोष्ट ही की वजनांत ३४ किलोंचे अंतर आहे आणि पत्नीची झोप सावध आहे. साध्या, एकमेकींना तारांनी जोडलेल्या स्प्रिंगच्या गादीत एकाने कूस बदलली की दुसऱ्याला कळते आणि हलका माणूस जड माणसाच्या बाजूला घरंगळतो. स्प्रिंगच हवी असेल तर प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत शिवलेली, म्हणजे पॉकेट स्प्रिंगची घ्या. मी तुमच्या जागी असतो तर किंग पलंगावर ७८ बाय ३६ च्या दोन स्वतंत्र गाद्या वेगवेगळ्या कडकपणाच्या घेतल्या असत्या. ३६ आणि ३६ मिळून बरोबर ७२ होतात. मधली फट जाणवू नये म्हणून दोन्हींवर मिळून एक-दीड इंचाचे पातळ आच्छादन घालता येते. आणि ६ फूट उंची म्हणजे ७२ इंच, तेव्हा ७२ इंच लांबीची गादी कितीही सवलतीत मिळाली तरी घेऊ नका.

धायरीकर

महाजालावरून गादी मागवणार असाल तर 'शंभर रात्री वापरून पाहा' या सवलतीच्या अटी आधी वाचा. परत न्यायला कोण येणार, पैसे परत मिळणार की दुसरी गादी, आणि खोके जपून ठेवावे लागते का, हे तीन मुद्दे तेथेच असतात. गुंडाळून आलेली गादी उघडल्यावर पूर्ण फुगायला एक ते तीन दिवस जातात, तोपर्यंत जुनी गादी देऊन टाकू नका.

हमीबद्दल माझा अनुभव असा, की गादी मध्यभागी स्पष्ट खचलेली असूनही चहाच्या एका डागावर बोट ठेवून कंपनीने दावा नाकारला. डाग असल्यास हमी रद्द, असे कागदावर छापलेले होते. त्याच कागदावर किती खोल खड्डा पडल्यास तो दोष मानायचा, हेही दिलेले असते. पाणी न झिरपणारे आच्छादन पहिल्या दिवसापासून घालावे, आणि वयस्कर माणसांच्या गादीवर तर ते हवेच.

वारजेकर_२

वरील सर्व चर्चेत ढेकणांचा उल्लेख आला नाही, म्हणून लिहिते. वसतिगृहे आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या रिकाम्या होतात तेव्हा पलंग अगदी स्वस्तात मिळतात, परंतु ढेकूण गादीखेरीज लाकडाच्या सांध्यांत आणि स्क्रूच्या भोकांतही राहतात. वापरलेला पलंग घ्यायचाच असेल तर लोखंडी घ्या आणि घरात आणण्यापूर्वी त्याच्या सांध्यांतून उकळते पाणी ओता.

मुठाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी सदनिका पाहायला परवानगी मिळाली, तेव्हा टेप घेऊन गेलो. आई-वडिलांच्या खोलीचे माप ९ फूट १० इंच बाय १० फूट ११ इंच भरले. सुतारपक्षी यांचा अंदाज इंचाइंचाने खरा ठरला. आईच्या गुडघ्यामागचे माप १६ इंच आहे.

निर्णय पुढीलप्रमाणे झाले आहेत. आई-वडिलांसाठी दोन एकेरी, खाली मोकळे, फळ्यांचे पलंग सुताराकडून करून घेणार आहोत. वडिलांसाठी पिंजण यांनी सुचवलेली काथ्या आणि कापूस अशी जोडी वडिलांनी वाचता क्षणीच मान्य केली, शिवाय गादी भरताना समोर बसायला ते स्वतः जाणार आहेत. आईसाठी ५ इंचांची मध्यम कडक गादी, वर लेटेक्सचा पातळ थर असलेली, पाहून ठेवली आहे; तिच्यावर ती पंधरा मिनिटे पडून राहिली आणि दोन्ही कुशींवर सहज वळली. आमच्या खोलीत पेटीचा किंग पलंग आणि दोन स्वतंत्र गाद्या. पत्नीला दोन गाद्यांची कल्पना प्रथम फारशी रुचली नव्हती, परंतु दुकानात मी शेजारच्या गादीवर कूस बदलल्याचे तिला कळलेच नाही, तेव्हा वाद संपला.

आता एक शेवटचा प्रश्न. सुतार म्हणतो की पलंग आधी करू, गादी मागाहून मापाने आणा. हे योग्य आहे का? आणि आईच्या पलंगाची उंची त्याला नेमकी किती सांगू?

सुतारपक्षी

क्रम उलटा ठेवा. गादी आधी घरी येऊ द्या, ती पूर्ण फुगू द्या आणि मग प्रत्यक्ष मोजा. ७८ बाय ३६ लिहिलेली गादी अर्धा-पाऊण इंच कमी-अधिक भरू शकते. पलंगाचे आतील माप गादीपेक्षा प्रत्येक दिशेने अर्धा इंच अधिक ठेवायला सांगा, म्हणजे चादर खोचायला बोटे शिरतात. त्याहून जास्त ठेवले तर गादी सरकते. तुमच्या किंग पलंगात दोन गाद्यांची रुंदी एकत्र लावून मोजा, वेगवेगळी मोजून बेरीज करू नका. कडांच्या शिलाईमुळे दोन्ही मापांत फरक पडतो.

आईंच्या पलंगाचा हिशेब असा: गुडघ्याचे माप १६ इंच, बसल्यावर हवी असलेली उंची १७ इंच. गादी ५ इंचांची आहे आणि कडेवर बसल्यावर ती सुमारे एक इंच दबेल, म्हणजे तिचे ४ इंच धरा. फळ्यांचा पृष्ठभाग जमिनीपासून १३ इंचांवर आला पाहिजे. पलंगाच्या बाजूची पट्टी गादीच्या खालच्या पातळीपासून एक-दीड इंचापेक्षा वर येऊ देऊ नका, अन्यथा बसताना ती मांडीला लागते. वडिलांच्या पलंगासाठी त्यांच्या गुडघ्यामागचे माप घेऊन पुन्हा हिशेब करा, कारण त्यांच्या दोन गाद्यांची जाडी वेगळी असेल. दोन्ही पलंग एकाच उंचीचे दिसावेत असा सुताराचा आग्रह असेल, तो मानू नका. आणि पॉलिशचे काम ताब्याच्या आधी संपवून घेता आले तर उत्तम, कारण त्या वासात वयस्कर माणसांना आठवडाभर तरी झोपवू नये.

मुठाकाठ

१३ इंच लिहून घेतले. वडिलांचे माप आज रात्री घेतो.